मोताळा व बुलढाणा जिल्हा : भूमी, पूर्ववृत्त, खानेसुमारी व दुष्काळाचे मूळ

दानशूर व्यापारी, जमीनदार व इतर सहृदय गृहस्थ हो,

दुष्काळनिवारणासाठी द्रव्याची याचना करणे हे समितीचे कर्तव्यच होय. तथापि ज्या मुलखासाठी याचना करावयाची, त्या मुलखाची खरी ओळख दात्यास करून दिल्यावाचून केलेली याचना अपुरी राहते. दान देणारा गृहस्थ व्यवहारज्ञ असतो. आपला पैसा कोणत्या गावी जाणार, तेथे त्याची गरज का पडली, आणि त्याने काय साधणार, हे विचारण्याचा त्यास अधिकार आहे. म्हणून या निवेदनासोबत बुलढाणा जिल्ह्याची व त्यांतील मोताळा तालुक्याची भूमी, पूर्ववृत्त व लोकसंख्या यांविषयीची माहिती आम्ही सादर करीत आहो.

मोताळ्याचे नाव काढले की दोन आक्षेप बहुधा पुढे येतात. पहिला असा की, ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण ज्या प्रांताविषयी रूढ झाली, त्या कापसाच्या प्रांतास धर्मादाय मदत कशास हवी? दुसरा असा की, जिल्ह्यास मदत दिली म्हणजे ती मोताळ्यास पोहोचलीच. एका तालुक्याचे वेगळे गाऱ्हाणे कशाला? या दोन्ही आक्षेपांचे उत्तर जिल्ह्याच्या भूगोलात व इतिहासात आहे. वाचकांनी पुढील मजकूर शांतपणे वाचावा व मग आपला निर्णय करावा, एवढीच आमची प्रार्थना आहे.

१. भूमी

बुलढाणा जिल्हा एकजिनसी नाही. अजिंठ्याच्या डोंगराची रांग त्यास आडवी छेदून जाते व त्याचे दोन भाग करते. लोक त्यांस साध्या शब्दांत ‘घाटावर’ व ‘घाटाखाली’ असे म्हणतात. जुन्या कागदपत्रांत त्यांसच बालाघाट व पयनघाट अशी नावे आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा व सिंदखेड राजा हा मुलूख घाटावरचा. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा घाटाखालचा, म्हणजे पूर्णा नदीच्या खोऱ्यातील. मोताळा या दोहोंच्या सांध्यावर, डोंगराच्या पायथ्याशी वसलेला आहे. बुलढाण्याहून मलकापूरच्या रेल्वे स्टेशनाकडे निघालेला प्रवासी राजूरचा घाट उतरतो, तो मोताळा तालुक्याच्या हद्दीत येतो.

ही रांग पाण्याचीही वाटणी करते. घाटमाथ्यावर बुलढाण्याजवळ पैनगंगा उगम पावते व पूर्वेकडे वळून वर्धेच्या मार्गाने गोदावरीस मिळते. म्हणजे तिचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. त्याच डोंगराच्या उत्तर अंगास पडलेला पाऊस नळगंगा, विश्वगंगा वगैरे लहान नद्यांतून पूर्णेस, पूर्णेतून तापीस व तापीतून पश्चिम समुद्रास मिळतो. या उत्तरवाहिनी नद्यांचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. त्यांचा पल्ला तोकडा व उतार मोठा. पाऊस पडला की त्या दुथडी भरून धावतात, आणि दोन-चार दिवसांनी पात्रात वाळू व गोटे तेवढे उरतात. पायथ्याच्या गावावरून पाणी जाते खरे, परंतु ते गावात थांबत नाही.

जमिनीचेही तसेच आहे. पूर्णेच्या काठी खोल काळी माती आहे. ती ओल धरून ठेवते व पावसाने थोडा ताण दिला तरी पीक तगवते. मात्र तेथील पुष्कळ गावांत विहिरीचे पाणी खारे लागते. यास खारपाण पट्टा म्हणतात, व ते त्या भागाचे निराळे दुःख होय. डोंगराच्या पायथ्यास मात्र माती पातळ. खाली मुरूम व त्याखाली काळा पाषाण. अशा हलक्या जमिनीत पंधरा-वीस दिवसांची उघडीप पडली तरी ज्वारीची पाने वळू लागतात. विहीर खणली तर पाषाणाच्या भेगांत साठलेले पाणी तेवढे मिळते, व ते बहुधा उन्हाळ्याच्या आरंभीच आटते. मोताळा तालुक्यात या दोन्ही जातींच्या जमिनी आहेत. उत्तरेकडील गावे मलकापूरच्या काळीस लागून, तर दक्षिणेकडील गावे डोंगराच्या कुशीत. एकाच तालुक्याच्या एका टोकास पीक बरे असावे व दुसऱ्या टोकास पेरणी वाया गेलेली असावी, हे येथे अशक्य नाही.

नळगंगा नदीवर मोताळा तालुक्यात १९६७ साली मातीचे धरण पुरे झाले. त्याचा उपकार मोठा आहे. परंतु पाणी उताराने खालीच वाहते. धरणाच्या वरच्या अंगास जी गावे आहेत, त्यांस त्या जलाशयाचे दर्शन घडते, पण पाटाचे पाणी घडत नाही. धरण आहे म्हणून सारा तालुका भिजतो, असा समज दात्यांनी करून घेऊ नये.

२. पूर्ववृत्त

हा मुलूख वाटेवरचा आहे, व वाटेवरच्या मुलखाचे जे व्हावयाचे ते याचे झाले आहे. खानदेश व बऱ्हाणपूर येथून दक्षिणेत उतरणाऱ्या फौजांस पूर्णेचे सपाट खोरे ओलांडून अजिंठ्याच्या रांगेतील एखादा घाट चढावा लागे. मोताळा तालुक्यातील रोहिणखेड हे गाव अशा घाटाच्या अगदी तोंडाशी आहे. इतिहासात याचे नाव रोहनखेड असे आढळते.

१४३७ साली खानदेशचा सुलतान नासिरखान याने वऱ्हाडावर स्वारी केली असता, बहामनी सुलतान अलाउद्दीन याचा सेनापती खलफ हसन बसरी याने रोहिणखेड येथे त्याचा पराभव केला. हा खलफ हसन मूळचा व्यापारी असून ‘मलिक-उत्-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा मुख्य, असा त्याचा किताब होता, हे आमच्या व्यापारी वाचकांस ऐकून कौतुक वाटेल. पुढे १५९० च्या सुमारास अहमदनगरच्या गादीविषयी तंटा पडला, तेव्हा खानदेशचा राजा अलीखान याच्या साह्याने बुऱ्हाण निजामशहाने याच गावाजवळ जमालखानाचा मोड केला. त्या लढाईत जमालखान पडला. जमालखानाच्या पक्षाचा खुदावंतखान महदवी याने १५८२ साली बांधलेली लहानशी परंतु सुबक मशीद हे रोहिणखेडचे भूषण होय.

राज्ये पालटत गेली. बहामनी राज्य मोडल्यावर १४९० पासून वऱ्हाडात इमादशाही होती. १५७४ साली ती अहमदनगरच्या निजामशाहीत बुडाली. १५९६ साली चांदबिबीने वऱ्हाड अकबरास दिले. अकबराच्या वेळच्या व्यवस्थेत हल्लीच्या जिल्ह्याचा मुलूख नरनाळा, बैतुलवाडी व मेहकर या सरकारांत वाटला गेला होता. मलकापूर हे त्या वेळी नरनाळा सरकारातील एका परगण्याचे ठिकाण होते. १७२४ साली साखरखेर्ड्याच्या मैदानात निजाम-उल्-मुल्काने मुबारिजखानास मारले व दक्षिणेत आपली सत्ता स्थापिली. तेव्हापासून वऱ्हाडात निजाम व नागपूरकर भोसले या दोघांचा अंमल एकाच वेळी चालू लागला. यासच लोक ‘दोअमली’ म्हणत. दोन धन्यांचे दोन कामगार एकाच रयतेकडून वसूल मागत असता रयतेच्या घरी काय शिल्लक राहत असेल, याची कल्पना जमीनदार वर्गास सहज करता येईल. १७६१ साली मलकापूरच्या लोकांनी रघुनाथरावाच्या फौजेस साठ हजार रुपये भरून गावची लूट टाळली, अशी नोंद आहे. ज्यांच्यापाशी भरावयास पैसा नव्हता, अशा आसपासच्या खेड्यांची नोंद कोणी ठेवली नाही.

१८०३ साली इंग्रज व मराठे यांचे युद्ध वऱ्हाडात येऊन पोहोचले. अडगावची लढाई २९ नोव्हेंबर रोजी झाली, गाविलगड १५ डिसेंबर रोजी पडला व १७ डिसेंबर रोजी देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड सोडले. युद्धाच्या पाठोपाठ दुष्काळ आला. १८०४ च्या आरंभी जनरल वेलस्ली याची छावणी सिंदखेडास होती. लोक शेकडोंनी उपाशी मरत आहेत व त्यांस साह्य करणारे सरकारच जागेवर नाही, अशा अर्थाचा मजकूर त्याने तेथून लिहिला. धोतरांच्या विणकामासाठी नावाजलेले मेहकर त्या दुष्काळाने खचले ते पुन्हा पूर्वपदास आले नाही.

या इतिहासाचा दुष्काळाशी संबंध असा. पीक बुडणे ही दैवी आपत्ती खरी. परंतु पीक बुडाल्यावर माणूस जगतो तो घरच्या साठ्यावर. जुन्या वऱ्हाडात सुगीनंतर ज्वारी पेवात पुरून ठेवीत. ज्या मुलखात पेव उकरून नेणारे हात अनेक होते, त्या मुलखात साठा करण्याची शक्ती शतकानुशतके खच्ची होत गेली. मोताळ्याच्या पायथ्याची गावे फौजांच्या वाटेवरची असल्यामुळे हा मार त्यांस अधिक बसला असावा, असे आमचे अनुमान आहे.

३. जिल्ह्याची घडण

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. प्रथम त्याचे दोन जिल्हे करण्यात आले : दक्षिण वऱ्हाड, मुख्य ठाणे हिंगोली, व उत्तर वऱ्हाड, मुख्य ठाणे बुलढाणा. १८५७ च्या धामधुमीनंतर हिंगोलीकडील मुलूख निजामास परत गेला व पूर्व वऱ्हाड (अमरावती) आणि पश्चिम वऱ्हाड (अकोला) अशी नवी वाटणी झाली. १८६४ साली पश्चिम वऱ्हाडातून एक जिल्हा वेगळा काढण्यात आला. त्यास प्रथम नैर्ऋत्य वऱ्हाड, मग मेहकर, व १८६७ पासून बुलढाणा असे नाव मिळाले. त्यात चिखली, मलकापूर व मेहकर असे तीनच तालुके होते, व क्षेत्रफळ २,८०९ चौरस मैल होते. मोताळा तेव्हा मलकापूर तालुक्यातच मोडत असे.

१९०२ साली निजामाने वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रज सरकारास दिले व १९०३ साली ते मध्य प्रांताच्या कारभारास जोडण्यात आले. ऑगस्ट १९०५ मध्ये वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांचे चार करण्यात आले. एलिचपूर जिल्हा अमरावतीत मिसळून गेला, वाशीम जिल्हा अकोला व यवतमाळ यांत वाटला गेला, आणि अकोल्याकडील खामगाव व जळगाव हे तालुके बुलढाण्यास मिळाले. अशा रीतीने जिल्हा ३,६६२ चौरस मैलांचा झाला. १९५६ साली तो मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. पुढे जुने तालुके फोडून नवे करण्यात आले. आज जिल्ह्यात तेरा तालुके असून मोताळा त्यांपैकी एक आहे.

हा तपशील आम्ही हौसेने देत नाही. ‘बुलढाणा जिल्हा’ या एकाच नावाने १९०५ पूर्वीचा तीन तालुक्यांचा व नंतरचा पाच तालुक्यांचा, असे दोन वेगवेगळे प्रदेश ओळखले गेले. त्यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून कोणी बेरीज-वजाबाकी केली, तर १९०१ च्या सुमारास जिल्ह्याची वस्ती वाढली असा अगदी उलटा निष्कर्ष निघेल. वास्तविक ती घटली होती, हे पुढील कलमावरून दिसेल.

४. खानेसुमारी

जुन्या तीन तालुक्यांच्या बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या निरनिराळ्या गणतींत पुढीलप्रमाणे होती :

१८६७ : ३,६५,७७९
१८८१ : ४,३९,७६३
१८९१ : ४,८१,०२१
१९०१ : ४,२३,६१६

पहिल्या चोवीस वर्षांत एक लाख पंधरा हजारांवर माणूस वाढले. पुढील दहा वर्षांत ५७,४०५ माणूस कमी झाले. म्हणजे दर आठ माणसांमागे जवळजवळ एक माणूस कमी. या घटीत मृत्यू आहेत, न जन्मलेली मुले आहेत, व पोटासाठी परमुलखी गेलेलेही आहेत. परंतु कारण एकच, १८९६-९७ ची टंचाई व १८९९-१९०० चा घोर दुष्काळ. आमच्या मारवाडी व गुजराती व्यापारी बंधूंच्या घरांत हा दुष्काळ विक्रम संवत १९५६ वरून ‘छप्पनचा’ म्हणून आजही ओळखला जातो.

सबंध वऱ्हाडाची लोकसंख्या १८९१ साली २८,९७,४९१ होती, ती १९०१ साली २७,५४,०१६ झाली. घट १,४३,४७५, म्हणजे शेकडा सुमारे ५. बुलढाण्याची घट शेकडा सुमारे १२. जिल्ह्यात प्रांताची वस्ती एक-षष्ठांश, आणि त्याची एकट्याची घट प्रांताच्या निव्वळ घटीच्या दोन-पंचमांशाइतकी! सोन्याच्या कुऱ्हाडीचा घाव कोणाच्या पायावर पडला, हे या दोन आकड्यांवरून दिसून येते.

आता जिल्ह्याच्या पोटात पाहू. १९०१ साली तालुकानिहाय स्थिती अशी होती :

मलकापूर : ७९२ चौरस मैल, लोक १,७३,२३४, दर चौरस मैली सुमारे २१९
चिखली : १,००९ चौरस मैल, लोक १,२९,५९०, दर चौरस मैली सुमारे १२८
मेहकर : १,००८ चौरस मैल, लोक १,२०,७९२, दर चौरस मैली सुमारे १२०

घाटाखालच्या मलकापुरात वस्ती दाट, घाटावर विरळ. त्या दशकातील घटीचा फार मोठा भाग घाटावरील दोन तालुक्यांनी, त्यांतही मेहकरने सोसला. मलकापूर त्यामानाने तगले. परंतु मलकापूरची ती सरासरी पूर्णाकाठच्या काळ्या मातीने व रेल्वेच्या पेठेने उचलून धरलेली होती. तीत मोताळ्याच्या पायथ्याची गावेही मिसळलेली होती, व त्यांची जमीन घाटावरच्या जमिनीस अधिक जवळची. त्यांचे दुःख मलकापूरच्या आकड्यात झाकले गेले, असे आम्हांस वाटते. तालुक्याच्या सरासरीने गावाची भूक मोजू नये, हा धडा आम्ही यातून घेतला आहे.

१९०५ च्या नव्या हद्दीप्रमाणे हिशेब केला तर १९०१ ची लोकसंख्या ६,१३,७५६ भरते. २०११ च्या गणतीत जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती. जमीन जवळजवळ तेवढीच, माणसे चौपटीहून अधिक. जी हलकी जमीन पूर्वी चराईस व गवतास राहत असे, ती पोटासाठी नांगराखाली आली. अशा जमिनीवर जगणाऱ्यांची संख्या वाढली, पण जमिनीची ओल धरण्याची शक्ती वाढली नाही.

५. दुष्काळ कसा येतो

येथील बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. तो तीन रीतींनी दगा देतो. मृग कोरडा गेला तर पेरणी लांबते व बियाणे दुबार घालावे लागते. मधे ताण पडला तर हलक्या जमिनीतील पीक करपते. शेवटचा पाऊस चुकला तर ज्वारीचे कणीस भरत नाही, रब्बीस ओल मिळत नाही व विहिरी भरत नाहीत. १८९६ साली पावसाळ्याचा उत्तरार्ध कोरडा गेला. १८९९ साली भर पावसाळ्यातच पावसाने पाठ फिरविली. त्या दुसऱ्या वर्षी धान्याबरोबर कडबा व पाणी यांचाही दुष्काळ पडला आणि गुरे फार मेली. बैल मेला म्हणजे पुढच्या वर्षी पाऊस चांगला पडूनही शेत पडीक राहते. एका वर्षाची आपत्ती अशी तीन वर्षे पुरते.

येथे कापसाच्या व्यापाराचा विचार करणे प्राप्त आहे. १८२५-२६ च्या सुमारास पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्याने वऱ्हाडचा कापूस बैलांवर लादून प्रथम मोठ्या प्रमाणावर मुंबईकडे नेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस विलायतेस जाईना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास आगगाडी मलकापूर व नांदुऱ्यावरून पुढे सरकत १८६७ साली नागपुरास पोहोचली, आणि १८७० साली लॉर्ड मेयो याच्या हस्ते जलंब-खामगाव हा फाटा खुला झाला. पेठा भरभराटीस आल्या. वऱ्हाडाविषयीची ती म्हण या भरभराटीस अगदी शोभून दिसली.

परंतु याची दुसरी बाजूही आहे. शेतकरी ज्वारीच्या जागी कापूस पेरू लागला व पेव रिते राहू लागले. पूर्वी पीक बुडाले तर जुनी ज्वारी खाऊन वर्ष निघे. आता धान्य विकत घ्यावे लागे, व त्यासाठी हातात रोकड पाहिजे. आगगाडीने बाहेरचे धान्य स्टेशनावर आणून ओतले, हा तिचा उपकार खरा. पण ज्या मजुराच्या हातास काम नाही, त्यास स्टेशनावरील पोत्यांचा काय उपयोग? १८८० च्या दुष्काळ कमिशनाने हीच गोष्ट स्पष्ट केली होती : हिंदुस्थानातील दुष्काळ हा अन्नापेक्षा अन्न विकत घेण्याच्या साधनाचा, म्हणजे रोजगाराचा दुष्काळ असतो. प्रथम भूमिहीन मजूर व सालदार यांचा रोज बुडतो. मग लहान खातेदार दागिने व भांडी गहाण टाकतो. मग बैल विकतो, व तो विकावयास सारेच निघाल्यामुळे बैलाचा भाव पडतो. शेवटी जमीन जाते. दुकानात धान्य आहे म्हणून दुष्काळ नाही, असे ज्यांस वाटते त्यांनी ही पायरीपायरीची उतरण ध्यानात घ्यावी.

आजचा काळ निराळा आहे, भूकबळीचे ते दृश्य राहिले नाही. पण उतरण तीच आहे. विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली ज्या सहा जिल्ह्यांसाठी केंद्र सरकारने खास साह्य जाहीर केले, त्यांत बुलढाणा होता. माणूस आता उपासाने नव्हे तर कर्जाने मरतो, एवढाच काय तो फरक!

६. पूर्वीच्या मदतीचा अनुभव

सरकारी मदतीचे नियम १८८० च्या कमिशनानंतर दुष्काळ संहितेच्या रूपाने बांधले गेले. सडका, तलाव व खडी फोडण्याची कामे काढावी, अशक्तांस फुकट अन्न द्यावे, सारा तहकूब करावा व तगाई द्यावी, हे त्याचे मुख्य सूत्र. १८९६-९७ साली लोकमान्य टिळकांनी मुंबई इलाख्यात या संहितेने दिलेले हक्क रयतेस समजावून सांगण्याची चळवळ केली. भीक न मागता हक्काने मदत मागावी, ही शिकवण तेव्हापासूनची आहे.

खासगी दानाचे क्षेत्र त्याहून निराळे आहे. १८९७ च्या धर्मादाय दुष्काळ निधीने आपली चार कामे ठरविली होती : सरकारी अन्नावर आजारी, वृद्ध व मुले यांस काही अधिक देणे, अनाथांचा सांभाळ, कामावर येऊ न शकणाऱ्या मानी व पडदानशीन कुटुंबांस गुप्त साह्य, आणि दुष्काळ सरल्यावर शेतकऱ्यास बी व बैल देऊन पुन्हा उभे करणे. १९०० साली जयपूरच्या महाराजांनी पंधरा लक्ष रुपये देऊन दुष्काळासाठी कायमचा न्यास स्थापला. संकट येण्यापूर्वीच पैसा तयार असावा, हे तत्त्व त्यांनी ओळखले होते.

१९७२-७३ च्या महाराष्ट्रव्यापी अवर्षणात लक्षावधी लोक खडी फोडण्याच्या व बंधाऱ्यांच्या कामांवर जगले. त्या अनुभवातून वि. स. पागे यांच्या कल्पनेची रोजगार हमी योजना दृढ झाली व १९७७ साली तिचा कायदा झाला. माणसे जगली, ही मोठी गोष्ट होय. परंतु तेव्हाही कडबा, पाणी व पुढल्या पेरणीचे बियाणे यांची तूट मजुरीने भरून निघाली नाही. मजुरीने दिवस निघतो; संसाराची घडी बसण्यास आणखी काही लागते. ते आणखी काही देणे हेच आमच्यासारख्या समित्यांचे काम.

७. समितीचे धोरण व विनंती

वरील विवेचनावरून समितीने आपल्या कामाची दिशा पुढीलप्रमाणे आखली आहे.

पहिले : मदतीचे माप जिल्हा किंवा तालुका नसून गाव हे राहील. राजूर, रोहिणखेड यांच्या बाजूची डोंगराकडील गावे व उत्तरेकडील काळीची गावे यांचा विचार वेगवेगळा होईल.

दुसरे : रोख वाटण्यापेक्षा कडबा, पाणी व बियाणे यांस अग्रमान राहील. जगविलेला एक बैल पुढच्या सालचे एक शेत जगवितो.

तिसरे : सुगीत ज्वारी व कडबा स्वस्त असता खरेदी करून पायथ्याच्या गावांत साठा ठेवण्यात येईल. जुन्या पेवाचा हा नवा अवतार होय. आणीबाणीच्या भावाने खरेदी केल्यास दात्याच्या रुपयाचे आठच आणे गरिबास पोहोचतात.

चौथे : जुन्या विहिरींतील गाळ काढणे व नाल्यांवर लहान बांध घालणे ही कामे पाऊस बरा असेल त्याच साली करावयाची आहेत. धावते पाणी गावात थांबविणे, हाच मोताळ्याच्या दुष्काळावर मुळातला उपाय आहे.

पाचवे : मदत घेणाऱ्याची नावे छापली जाणार नाहीत. मानी माणसाची लाज राखणे हा दानाचाच भाग आहे. हिशेब मात्र पै-पैचा राहील व तो पाहण्यास प्रत्येक दात्यास मोकळीक राहील.

व्यापारी बंधूंस आमचे सांगणे असे की, मलकापूर, नांदुरा व खामगाव येथील पेठा ज्या कापसावर व धान्यावर उभ्या राहिल्या, तो माल पिकविणारे हात याच गावांचे आहेत. गिऱ्हाईक बुडाले तर दुकान चालत नाही. शेतकरी खचला तर अडत चालत नाही. जमीनदार गृहस्थांस विनंती अशी की, आपणांस रोख देणे सोयीचे नसेल तर कडब्याच्या पेंढ्या, ज्वारीची पोती, विहिरीचे पाणी अथवा गुरांच्या छावणीसाठी एक हंगाम मोकळी जागा, यांपैकी जे शक्य असेल ते द्यावे. दूरदेशी असलेल्या वऱ्हाडी बांधवांनी आपल्या मूळ गावाच्या नावाने रक्कम पाठविल्यास ती त्याच गावी खर्च करण्यात येईल.

रोहिणखेडच्या मैदानात जिंकलेल्यांची व हरलेल्यांची नावे इतिहासाने जपून ठेवली. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत याच जिल्ह्यातून जी सत्तावन्न हजार माणसे कमी झाली, त्यांपैकी एकाचेही नाव आपणांस ठाऊक नाही. त्या वेळी पाऊस आणणे कोणाच्याच हाती नव्हते. पण बैलाच्या पुढे पेंढी टाकणे व मजुराच्या हाती पायली ठेवणे हे पुष्कळांच्या हाती होते. आज ते आपल्या हाती आहे. यथाशक्ती द्यावे, व वेळेवर द्यावे. कारण मृगापूर्वी पोहोचलेले शेरभर बियाणे मृगानंतर पोहोचलेल्या मणभर धान्याहून मोलाचे असते.

आपले नम्र,
दुष्काळ निवारण समितीचे सभासद